मिर्झा गालिब यांचा कलकत्त्याचा प्रवास

मिर्झा गालिब यांचे नाव तुम्हांला नवीन नाही. उर्दूच्या पुस्तकात तुम्ही त्यांच्या गझला वाचल्या असतील, घरी थोरांच्या तोंडून त्यांचे शेर ऐकले असतील. या पाठात मात्र त्यांच्या शायरीविषयी फारसे सांगायचे नाही. त्यांच्या आयुष्यात एक वेळ अशी आली, की हातात पुरेसा पैसा नसताना त्यांना घर सोडून खूप दूरच्या शहरी जावे लागले. प्रवासात त्यांचे एक वर्षाहून अधिक गेले आणि त्या परक्या शहरात ते सुमारे दीड वर्ष राहिले. त्या दिवसांची ही हकिकत आहे.

मालेगाव, भिवंडी, मुंबई या शहरांत राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा असेच कधीतरी उत्तरेकडून आले असतील. त्यांनी काय काय सामान बरोबर आणले, पहिली रात्र कुठे काढली, पहिले भाडे किती होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. गालिब यांच्या हकिकतीतही याच गोष्टी येतात.

गालिब यांचे मूळ नाव असदुल्ला बेग खान. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्रा येथे झाला. ते चार-पाच वर्षांचे असतानाच त्यांचे वडील अब्दुल्ला बेग खान एका लढाईत मारले गेले. मग काकांनी त्यांना व त्यांच्या धाकट्या भावाला सांभाळले. या काकांचे नाव नसरुल्ला बेग खान. आपल्याला एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे नसरुल्ला बेग मराठ्यांच्या वतीने आग्र्याचे सुभेदार होते. १८०३ साली इंग्रज सेनापती लॉर्ड लेक यांनी आग्रा घेतले, तेव्हा नसरुल्ला बेग इंग्रजांच्या बाजूला गेले. लेक यांनी त्यांना ४०० घोडेस्वारांचे सरदार केले. पण १८०६ साली हत्तीवरून पडून त्यांचा मृत्यू झाला. आठ-नऊ वर्षांच्या गालिब यांचे छत्र दुसऱ्यांदा हरपले.

नसरुल्ला बेग यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबाची सोय इंग्रजांनी लावून दिली. फिरोजपूर झिरका आणि लोहारू या जहागिरींचे नवाब अहमद बख्श खान हे त्यांचे नातलग होते. नवाबांनी कंपनी सरकारला दरवर्षी काही रक्कम द्यायची होती. ती सरकारने माफ केली आणि तिच्या बदल्यात नवाबांनी नसरुल्ला बेग यांच्या वारसांना वर्षाला १०,००० रुपये द्यावेत, असा हुकूम मे १८०६ मध्ये निघाला. पुढच्याच महिन्यात दुसरा हुकूम निघाला. त्यात ही रक्कम ५,००० रुपये झाली! त्यातलेही २,००० रुपये ख्वाजा हाजी नावाच्या माणसाला मिळू लागले. उरलेल्या ३,००० रुपयांतून नसरुल्ला बेग यांची आई, बहिणी आणि दोघे पुतणे यांचे वाटे पडले. गालिब यांच्या वाट्याला वर्षाला ७५० रुपये आले, म्हणजे महिन्याला ६२ रुपये ८ आणे. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे होत. अशा रकमेला मराठीत वर्षासन असा जुना शब्द आहे. गालिब आणि त्यांच्या काळचे लोक तिला पेन्शन म्हणत.

हे ६२ रुपये ८ आणे नीट ध्यानात ठेवा. ते गालिब यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येणार आहेत.

१८१० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, गालिब यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव उमराव बेगम. त्या नवाब अहमद बख्श खान यांच्या पुतणी होत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत गालिब आग्रा सोडून दिल्लीला आले आणि तिथलेच झाले. दिल्लीत त्यांची राहणी खानदानी माणसाची होती. नोकरचाकर होते, येणेजाणे होते, खाण्यापिण्याची हौस होती. मिळकत मात्र तेवढीच. साहजिकच सावकाराचा खर्च घरात शिरला. खरे बोलायचे तर ६२ रुपये त्या काळी अगदी थोडे नव्हते. एखाद्या विणकराचे किंवा हमालाचे घर तेवढ्यात कितीतरी महिने चालले असते. पण माणसाची तंगी त्याच्या राहणीवरही अवलंबून असते, आणि गालिब यांना आपली राहणी कमी करणे कधीच जमले नाही. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनाही हे मान्य करावे लागते.

१८२६ च्या सुमारास सगळ्या बाजूंनी अडचणी आल्या. सासरे इलाहीबख्श खान वारले. धाकटे भाऊ मिर्झा युसूफ यांना वेड लागले. नवाब अहमद बख्श खान यांनी कारभार आपला मुलगा शम्सुद्दीन अहमद खान याच्याकडे सोपवला, आणि पेन्शनचे पैसे वेळेवर मिळेनासे झाले. सावकार दारात उभे राहू लागले. गालिब यांच्या मनात आले, आपल्या कुटुंबाला १०,००० रुपये मंजूर झाले होते. मग २० वर्षे आपल्याला अर्धेच का मिळाले? वर्षाला ५,००० म्हणजे २० वर्षांत १ लाख रुपये होतात. ते परत मिळाले तर सगळे कर्ज फिटेल आणि पुढची चिंताही मिटेल.

आधी त्यांनी नवाबांशीच बोलून पाहिले. नवाबांनी इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफ यांची भेट घालून देण्याचे आश्वासन दिले. त्यासाठी गालिब भरतपूरपर्यंत त्यांच्या मागे गेले. भेट झाली नाही. आता एकच मार्ग राहिला. कंपनी सरकारची राजधानी तेव्हा कलकत्त्याला होती. गव्हर्नर जनरल आणि त्यांचे मंडळ तिथे बसत असे. तिथे स्वतः जाऊन अर्ज द्यायचा, असे गालिब यांनी ठरवले. हा दावा एका अर्थाने सासरच्या माणसांविरुद्धच होता. घरी उमराव बेगमना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

दिल्लीपासून कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, सरळ गेले तरी सुमारे १,५०० किलोमीटर आहे. आज आगगाडीने हे अंतर एका रात्रीत किंवा दिवसभरात कापता येते. आपल्या देशात पहिली प्रवासी आगगाडी मुंबई ते ठाणे धावली ती १८५३ साली. म्हणजे गालिब निघाले तेव्हा तिला अजून २५ वर्षांहून अधिक अवकाश होता. घोडा, पालखी, बैलगाडी आणि नदीतली नाव एवढीच साधने होती. घोड्याला रोज चारा आणि चणे लागत. सरायीत उतरायचे तर तिथेही पैसे मोजावे लागत. माणूस आजारी पडला, पावसात अडकला, की मुक्काम वाढे आणि मुक्कामाबरोबर खर्चही वाढे. गालिब यांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

कानपूरला ते आजारी पडले. तिथून ते लखनौला आले. लखनौ म्हणजे अवधची राजधानी. तिथल्या राजाकडून काही मदत मिळाली असती, तर पुढचा प्रवास सुखाचा झाला असता. राजाचे वजीर आगा मीर यांची भेट घ्यायचे ठरले. त्यांना सादर करण्यासाठी गालिब यांनी फारसीत एक गद्य मजकूर लिहिला. त्या मजकुरात एकही नुक्ता असलेले अक्षर नव्हते! उर्दू लिहिणाऱ्यांना हे किती कठीण आहे, ते सांगायला नको. बे, पे, ते, जीम, नून ही सगळी अक्षरे वगळून दोन ओळी लिहून पाहा, म्हणजे समजेल. एवढी मेहनत घेतल्यावर गालिब यांनी दोन अटी घातल्या. वजीरांनी आपले योग्य मानाने स्वागत करावे आणि आपल्याकडून नजराण्याची अपेक्षा धरू नये. वजीरांना हे मान्य झाले नाही. भेट राहून गेली आणि लखनौचे महिने फुकट गेले.

या प्रसंगात कोणाचे चुकले? काही जण म्हणतात, मदत मागायला गेलेल्या माणसाने अटी घालू नयेत. मला वाटते, ज्याच्या जवळ पैसा नसतो त्याला आपला मान फार जपावा लागतो. कारण तेवढेच त्याच्या हाती असते. पण मान जपण्याचीही किंमत पडते. ती गालिब यांनी लखनौत मोजली.

लखनौहून निघाल्यावर प्रकृती पुन्हा बिघडली. कलकत्त्याची सरळ वाट सोडून ते बुंदेलखंडातील बांदा या गावी गेले. बांद्याचे नवाब झुल्फिकार अली बहादूर यांच्याशी त्यांच्या घरोब्याचे संबंध होते. हे नवाब कोण होते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही बाजीराव पेशव्यांचे नाव वाचले आहे. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतच्या युद्धात लढला आणि त्याच जखमांनी वारला. समशेर बहादूरचा मुलगा अली बहादूर. त्याने बुंदेलखंड जिंकून बांद्याची गादी स्थापन केली. झुल्फिकार अली हे त्या अली बहादूरचे पुत्र. म्हणजे पुण्याच्या पेशव्यांच्या पणतूने दिल्लीच्या उर्दू शायराला आजारपणात आसरा दिला.

बांद्यात गालिब सुमारे सहा महिने राहिले. औषधोपचार झाले, अंगात पुन्हा शक्ती आली. नवाबांच्या मध्यस्थीने एका सावकाराकडून पुढच्या प्रवासासाठी कर्ज मिळाले. बांद्यानेच त्यांना आणखी एक मोठी मदत केली. तिथले न्यायाधिकारी मौलवी मुहंमद अली खान यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. या मित्राने कलकत्ता आणि हुगळी येथील ओळखीच्या माणसांना पत्रे लिहून दिली. परक्या शहरात जाणाऱ्याला पैशाइतकीच अशा पत्राची गरज असते. पैसा खर्च होऊन जातो. ओळख मात्र एकातून दुसरी निघत जाते. पुढे कलकत्त्याहून गालिब यांनी याच मित्राला आपली सगळी हालहवाल पत्रांतून कळवली. त्या फारसी पत्रांमुळेच या प्रवासाची इतकी माहिती आज आपल्याला मिळते.

बांद्याहून ते चिल्लातारा येथे यमुनेच्या काठी आले आणि नावेतून अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला, गेले. ते शहर त्यांना मुळीच आवडले नाही. एका दिवसातच त्यांनी ते सोडले. पुढे बनारस लागले, आणि तिथे उलट झाले. दोन-चार दिवसांचा मुक्काम महिन्याभराचा झाला. गंगेचे घाट, सकाळचा उजेड, देवळांतील दिवे, माणसांची गर्दी यांत त्यांचे मन रमले. प्रकृतीही सुधारली. त्यांनी बनारसवर फारसीत १०८ शेरांची एक मसनवी लिहिली. तिचे नाव चिराग-ए-दैर, म्हणजे देवळातला दिवा. एका मुसलमान शायराने हिंदूंच्या तीर्थक्षेत्राचे केलेले इतके प्रेमळ वर्णन सहसा वाचायला मिळत नाही. कर्जाच्या पैशांवर प्रवास करणारा, आजारातून नुकताच उठलेला आणि घरच्यांची काळजी असलेला हा माणूस एवढ्या आनंदाने लिहू शकला, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. त्याच मसनवीत दिल्लीतल्या मित्रांनी आपल्याला विसरून टाकल्याचे दुःखही आहे.

बनारसहून नावेने थेट कलकत्त्याला जावे, अशी त्यांची इच्छा होती. गंगेच्या प्रवाहाबरोबर प्रवास आरामाचा झाला असता. पण नावाडी जे भाडे मागत होते ते परवडेना. शेवटी घोड्यावर बसून ते खुश्कीच्या मार्गाने निघाले. थंडीचे दिवस होते. पाटणा मागे पडले, मुर्शिदाबाद आले. वाटेतच बातमी कळली, की नवाब अहमद बख्श खान ऑक्टोबर १८२७ मध्ये वारले. ज्यांच्याशी भांडण होते तेच राहिले नाहीत. आता दावा त्यांच्या मुलाशी, शम्सुद्दीनशी चालणार होता.

२० फेब्रुवारी १८२८ रोजी गालिब कलकत्त्याला पोहोचले. सिमला बाजार या भागात मिर्झा अली सौदागर यांच्या हवेलीत त्यांना जागा मिळाली. भाडे महिन्याला १० रुपये. घर ऐसपैस होते, हवेशीर होते. एवढ्या मोठ्या शहरात पहिल्याच दिवशी, फार शोधाशोध न करता, एवढ्या कमी भाड्यात असे घर मिळाले, याचा त्यांना फार आनंद झाला. हिशेब केला तर ६२ रुपये ८ आण्यांतील जवळजवळ सहावा हिस्सा भाड्यात जाणार होता. उरलेल्यात स्वतःचे व नोकरांचे जेवण, कपडे, कागद, अर्ज लिहिण्याचा खर्च हे सगळे भागवायचे होते. शिवाय हे ६२ रुपये कलकत्त्यात वेळेवर हातात पडतील याची काही खात्री नव्हती.

आपण दिल्लीचे गालिब ओळखतो, पण कलकत्त्याचे गालिब वेगळेच दिसतात. तीस वर्षांचा एक माणूस कागदांची गुंडाळी घेऊन सरकारी कचेऱ्यांत जातो, साहेब कधी भेटतील ते विचारतो, घरी येऊन खर्च मांडतो. अर्ज, दस्तऐवज, वकील, हुकूम, तारीख, बाकी हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात येतात. हे शब्द तुम्ही उर्दूत बोलता आणि मराठीतही जसेच्या तसे वापरता. कचेरीची भाषा दोन्हीकडे एकच आहे!

२८ एप्रिल १८२८ रोजी त्यांनी गव्हर्नर जनरलच्या मंडळाकडे अर्ज दिला. मंजूर झालेली पूर्ण रक्कम मिळावी, मागची बाकी मिळावी, ख्वाजा हाजी हा आमच्या कुटुंबातला नाही म्हणून त्याला वाटा देऊ नये, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कचेरीतले फारसी खात्याचे चिटणीस अँड्र्यू स्टर्लिंग हे विद्वान गृहस्थ होते. ते गालिब यांच्याशी आदराने वागले. पण सरकारी नियमाप्रमाणे हा अर्ज आधी दिल्लीच्या रेसिडेंटकडे द्यायला हवा होता. म्हणजे ज्या दिल्लीहून ते आजारपण आणि कर्ज सोसून आले, तिथेच पुन्हा जा, असे उत्तर मिळाले. परत जाण्याइतके बळ नव्हते आणि पैसाही नव्हता. त्यांनी दिल्लीत एक वकील नेमला, त्याच्याकडे कागदपत्रे पाठवली आणि स्वतः कलकत्त्यात वाट पाहत राहिले.

वाट पाहण्याच्या या दिवसांत त्यांना एक नवे जग दिसले. हुगळी नदीत आगबोटी चालत होत्या. वाफेच्या जोरावर, वाऱ्याची वाट न पाहता, बोट पाण्यातून जाते हे दिल्लीच्या माणसाला नवलाचे होते. शहरात छापखाने होते, वर्तमानपत्रे निघत होती. जाम-ए-जहाँनुमा हे पत्र १८२२ पासून तिथूनच निघत असे. उर्दूच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेले फोर्ट विल्यम कॉलेजही याच शहरात होते. मीर अम्मन यांचे बाग-ओ-बहार तिथेच तयार झाले. दिल्लीत तोपर्यंत पुस्तके बहुधा हातानेच नकलून घेतली जात. बंगालची हिरवळ, तिथली हवा, तिथली फळे हेही गालिब यांना फार आवडले. आंब्यांचे तर ते वेडेच होते. हुगळीच्या इमामबाड्याच्या व्यवस्थापकांना त्यांनी पत्र लिहून आंब्यांच्या दिवसांत आपली आठवण ठेवण्याची विनंती केली होती. वजिरापुढे न वाकणाऱ्या या माणसाला आंबे मागताना मात्र कसलाच संकोच वाटला नाही!

पण याच शहरात त्यांनी एक भांडणही ओढवून घेतले. कलकत्त्याच्या मदरशात दर महिन्याला मुशायरा होत असे. तिथे गालिब यांनी आपल्या फारसी गझला वाचल्या. काही लोकांनी त्यांच्या एका शब्दप्रयोगावर आक्षेप घेतला आणि कतील नावाच्या फारसी लेखकाचा आधार दिला. कतील हे भारतातच जन्मलेले लेखक होते. इराणच्या जुन्या उस्तादांशिवाय कोणालाही प्रमाण मानायला गालिब तयार नव्हते. त्यांनी कतील यांना मुळीच किंमत दिली नाही. मग काय, शहरात वादळ उठले. कतील यांना मानणारे लोक कलकत्त्यात पुष्कळ होते, आणि त्यांत कचेऱ्यांत वजन असलेले लोकही होते.

भाषेच्या दृष्टीने कोण बरोबर होते, हा विद्वानांचा विषय आहे. पण आपण दुसरी बाजू पाहू. गालिब त्या शहरात पाहुणे होते. त्यांचे काम अडकलेले होते. शहरातली नाराजी त्यांना परवडणारी नव्हती. मित्रांनी त्यांना समजावले. तेव्हा त्यांनी बाद-ए-मुखालिफ, म्हणजे उलटा वारा, या नावाची मसनवी लिहिली आणि नमते घेतले. तिच्यात आपण परदेशी, गरजू माणूस असून या शहराच्या आसऱ्याला आलो आहोत, असे त्यांनी नम्रपणे मांडले. नम्रपणाच्या आड थोडी टोचणीही होती. तरी गालिब यांच्यासारख्या मानी माणसाने एवढे केले, यावरून त्यांची अडचण केवढी होती ते समजते.

सगळेच लोक विरुद्ध होते असे नाही. कलकत्त्यात त्यांना मौलवी सिराजुद्दीन अहमद यांच्यासारखे जिवाभावाचे मित्र मिळाले. या मित्राच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या उर्दू आणि फारसी कवितांची एक निवड तयार केली. तिचे नाव गुल-ए-राना.

महिने जात होते. जुलै १८२८ मध्ये नवे गव्हर्नर जनरल बेंटिंक आले. दरबारात गालिब यांना मानाची जागा मिळाली. पण दाव्याचा निकाल लागेना. दिल्लीचे रेसिडेंट कोलब्रुक यांचे मत अनुकूल होते, तर १८२९ साली त्यांनाच कामावरून दूर केले गेले. त्यांच्या जागी आलेले हॉकिन्स शम्सुद्दीनच्या बाजूचे निघाले. कर्ज वाढत होते. शेवटी गालिब यांनी परतीची वाट धरली. २९ नोव्हेंबर १८२९ रोजी ते दिल्लीला पोहोचले.

पुढे या दाव्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आला. जून १८०६ चा तो दुसरा हुकूम बनावट आहे, असे गालिब यांचे म्हणणे होते. मग तो कागद तपासायचा कोणी? जॉन माल्कम हे पूर्वी लॉर्ड लेक यांच्याकडे चिटणीस होते आणि आता मुंबईचे गव्हर्नर होते. कागद त्यांच्याकडे पाठवण्यात आला. माल्कम यांनी तो खरा असल्याचे कळवले. इकडे मे १८३० मध्ये स्टर्लिंगही वारले. गालिब यांची बाजू घेणारे कोणी राहिले नाही. २७ जानेवारी १८३१ रोजी दावा फेटाळला गेला. त्यानंतरही त्यांनी कितीतरी वर्षे अर्ज केले. काही उपयोग झाला नाही. १८३५ साली इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर यांच्या खुनाच्या आरोपावरून शम्सुद्दीनला फाशी झाली आणि त्याची जहागीर सरकारजमा झाली. तेव्हापासून गालिब यांना पेन्शन थेट दिल्लीच्या सरकारी खजिन्यातून मिळू लागली. रक्कम तीच, महिन्याला ६२ रुपये ८ आणे.

म्हणजे एवढा प्रवास, एवढे कर्ज, एवढे दिवस घरापासून दूर राहणे, आणि पेन्शनमध्ये एक आणाही वाढ नाही.

तरी कलकत्ता त्यांच्या मनातून गेले नाही. घरसंसाराचे बंधन नसते तर आपण कायमचे तिथेच जाऊन राहिलो असतो, असे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे. त्या शहराने त्यांची दृष्टी कशी बदलली, हे पुष्कळ वर्षांनी दिसले. १८५५ च्या सुमारास सय्यद अहमद खान यांनी अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीची नवी आवृत्ती तयार केली. अकबराच्या कारभाराची माहिती देणारे हे जुने पुस्तक. सय्यद अहमद यांनी गालिब यांच्याकडे प्रशंसेचे चार शब्द मागितले. गालिब यांनी फारसीत कविता लिहून दिली, पण तिच्यात प्रशंसा नव्हतीच. जुने कायदेकानू उकरण्यापेक्षा आज इंग्रजांनी काय काय शोधून काढले आहे ते पाहा, वाफेवर चालणारी बोट पाहा, क्षणात दूरवर जाणारा तारेचा संदेश पाहा, असे त्यांनी सुनावले. सय्यद अहमद यांनी ती कविता पुस्तकात घातली नाही. पण पुढे याच सय्यद अहमद यांनी १८७५ साली अलीगढला नव्या शिक्षणाची शाळा काढली.

गालिब यांचे उरलेले आयुष्य दिल्लीतच गेले. १८५० साली बादशहा बहादूरशहा जफर यांनी त्यांना किताब दिले आणि इतिहास लिहिण्यासाठी महिना ५० रुपये नेमून दिले. १८५७ च्या उठावात दरबार संपला आणि इंग्रजांनी पेन्शनही बंद केली. घरातली भांडीकुंडी आणि कपडे विकून दिवस काढावे लागले. रामपूरच्या नवाबांनी १८५९ पासून महिना १०० रुपये पाठवले, म्हणून घर तगले. १८६० साली पेन्शन पुन्हा सुरू झाली. तीन वर्षांची बाकी एकदम मिळाली. तिच्यातला मोठा भाग सावकारांकडे गेला. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी गालिब यांचे निधन झाले. दिल्लीला निजामुद्दीन भागात त्यांची कबर आहे.

कोलकात्यात पूर्वी फ्री स्कूल स्ट्रीट नावाचा एक रस्ता होता. आता त्याचे नाव मिर्झा गालिब स्ट्रीट आहे. दहा रुपये भाड्याचे ते सिमला बाजारातील घर मात्र या रस्त्यावर नव्हते. ते शहराच्या उत्तर भागात होते.